बावीस माणसांचे लग्न



दिवाळीचा फराळ संपत आला होता. धाकट्या भावाच्या घरी आम्ही सारे बसलो असताना पुतणीने चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "पप्पा, आम्हाला एलोप करायचे आहे." भावाला तो शब्द ठाऊक नव्हता. त्याच्या मुलाने मोबाईलवर अर्थ शोधून मोठ्याने वाचून दाखवला : पळून जाऊन लग्न करणे. क्षणभर घरात कोणी बोलेना. मग भाऊ म्हणाला, "मुलगा आम्ही पाहिला, साखरपुडा आम्ही केला, आता हे दोघे पळणार कोणापासून?"

शब्दकोशातील अर्थ जुना झाला आहे, हे मला त्या दिवशी समजले. आजची मुले ज्याला हे नाव देतात त्यात पळणे नसते. सर्वांच्या संमतीने, अगदी मोजक्या माणसांत, आपल्या आवडीच्या ठिकाणी, घाई आणि गोंगाट टाळून केलेला विवाह असतो. पुतणीला तो वाळवंटात हवा होता. आणि माझ्या वाट्याला, घरातला निवृत्त बँकवाला म्हणून, दोन्ही बाजूंचे ऐकून घेण्याचे काम आले.

भावाची अडचण केवळ हौसेची नव्हती, हे आपल्यासारख्या व्यापारी वाचकांना वेगळे सांगायला नको. त्याची कापडाची पेढी आहे. उधारीवर माल येतो, उधारीवर जातो, आणि मधल्या साऱ्या व्यवहाराला आधार असतो तो पतीचा. लग्नात मांडव लहान दिसला की बाजारात पहिला प्रश्न येतो, "धंदा बसला काय?" त्याने ११४० नावांची यादी आणि ४१ लाखांचे अंदाजपत्रक तयार ठेवले होते. पैकी मोठा भाग तो कॅश क्रेडिट खात्यातून उचलणार होता. माझ्या नोकरीत मी अशी खाती पाहिली आहेत. मालासाठी दिलेली रक्कम मांडवात जाते, हंगामाला खरेदीसाठी हात आखडतो, आणि ज्या पतीसाठी खर्च केला तीच पुढल्या वर्षी हप्ता चुकल्याने जाते. हे मी त्याला आकड्यांत मांडून दाखवले. तो काही बोलला नाही. पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही, असे वहिनींनी नंतर सांगितले.

पुतणीलाही मी एक अट घातली. वाळवंट हवे तर ते केवळ छायाचित्रासाठी नको. आपले पूर्वज लोटा आणि दोर घेऊन ज्या वाळूतून दक्षिणेत उतरले, तिथे जायचे असेल तर जरूर जाऊ.

तिच्या मनात जैसलमेरजवळचे सम होते. तेथील वाळूच्या टेकड्या सुंदर आहेत, यात शंका नाही. परंतु हंगामात तिथे जीपगाड्यांच्या रांगा आणि ध्वनिवर्धकांवरचे नाचगाणे यांतून शांतता शोधावी लागते. जैसलमेर सोडताना माझे मन मात्र थोडे जड झाले. ११५६ साली वसलेल्या त्या शहराच्या किल्ल्यात आपली सात जुनी मंदिरे आहेत, संभवनाथ मंदिराच्या तळघरात जिनभद्रसूरींचा ज्ञानभांडार आहे आणि गावात पटव्यांच्या पाच हवेल्या आहेत. जरीच्या व्यापारातून एका जैन कुटुंबाने एकोणिसाव्या शतकात उभारलेल्या त्या हवेल्या प्रत्येक व्यापाऱ्याने एकदा तरी पाहाव्यात. पण आमचे घर ओसवालांचे. ओसवालाने मुळाशी जायचे तर ते ओसियांला.

जोधपूरहून उत्तरेला साधारण ६५ किलोमीटरवर, थरच्या कडेला हे लहानसे गाव आहे. तेथील महावीर मंदिर आठव्या शतकातले, प्रतिहार राजा वत्सराजाच्या काळातले. पश्चिम भारतात आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या जैन मंदिरांपैकी ते एक मानले जाते. जवळच टेकडीवर सच्चियाय मातेचे मंदिर आहे. आचार्य रत्नप्रभसूरींच्या उपदेशाने चामुंडा देवीने पशुबळी सोडला आणि ती सच्चियाय झाली, अशी परंपरेची कथा आहे. अनेक ओसवाल गोत्रांची ती कुलदेवी असून नवदांपत्ये तिच्या दर्शनाला जातात. गावाबाहेर पडले की वाळूच्या टेकड्या सुरू होतात आणि तिथे तंबूंच्या वसाहती आहेत. म्हणजे पुतणीचे वाळवंट आणि आमचे मूळ एकाच ठिकाणी सापडत होते.

अडचण काढली ती बाईंनी. आमच्या आईंचे वय ८४. माहेरी त्यांच्या कानावर एक गोष्ट पक्की बसलेली : ओसवालाने ओसियांत रात्रीचा मुक्काम करू नये. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. वाळूतली वसाहत गावापासून बरीच दूर आहे, हे मी नकाशा काढून दाखवले. "म्हणजे ते गाव नव्हे ना?" असे त्यांनी तीनदा विचारले आणि मग होकार दिला. तरीही त्यांच्यासाठी आणि व्याह्यांकडील एका वृद्ध गृहस्थांसाठी आम्ही जोधपुरात खोल्या ठेवल्या. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तंबूतली थंडी, वाळूत रुतणारे पाय आणि रात्री दूर असलेले स्नानगृह यांचा विचार तरुण मंडळी करीत नाहीत.

तिथीचे गणित सरळ होते. चातुर्मासात लग्न नाही, तो कार्तिक पौर्णिमेला संपतो. पुढे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मास. नेमका हाच राजस्थानातील पर्यटनाचा ऐन हंगाम. त्या काळात दर चढे असतात आणि आपल्याला मुहूर्तही नको असतो. म्हणून फेब्रुवारीचा मध्य, माघ महिना निवडला. दिवसा ऊन सोसवते, रात्री जाड रजई लागते, आणि उन्हाळ्यातील वावटळी अजून दूर असतात.

वेळेचे गणित मात्र बारकाईने करावे लागले. फेब्रुवारीत तिकडे सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो आणि साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आमच्यातील निम्मी मंडळी नवकारशी आणि चौविहार पाळणारी. नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, म्हणजे आठच्या सुमारास. त्यानंतर अल्पाहार, साडेनऊला विधी, बाराला जेवण, आणि संध्याकाळचे जेवण साडेपाचला. वसाहतीच्या व्यवस्थापकांना आधी हे पटेना. त्यांचा सारा थाट रात्रीच्या शेकोटीभोवतीचा. पण सकाळचा विवाह वाळवंटातही अधिक सोयीचा ठरला. वाळू थंड असते, वारा पडलेला असतो. दुपारनंतर वारा सुटला की मंगल कलशावरचे वस्त्रसुद्धा जागेवर राहत नाही.

आता कायद्याविषयी, कारण या बाबतीत सुशिक्षित घरांतही गैरसमज आढळतात. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा जैनांनाही लागू आहे. त्याच्या कलम ७ प्रमाणे वर किंवा वधू यांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींनी विवाह होऊ शकतो. त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. माणसे बावीस असोत की बाराशे, कायद्याला फरक पडत नाही. उलट, विधी न करता केवळ नोंदणीचा कागद मिळवला तर त्या कायद्याखाली विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले आहे. ज्यांना विशेष विवाह कायद्याने नोंदणी विवाह करायचा असेल त्यांनी तो वाळवंटात करण्याचा बेत सोडावा. त्यासाठी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य लागते आणि नोटिशीनंतर पुन्हा ३० दिवस थांबावे लागते. असा विवाह आपल्या गावी करून मग वाळूत जावे, हे बरे.

राजस्थानात २००९ च्या कायद्याने विवाहनोंदणी सक्तीची आहे. नोंदणी कुठे आणि कोणत्या कागदांवर करायची हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. आमची पुतणी म्हणत होती, बावीस माणसांना पत्रिका कशाला छापायची? मी छापायला लावली. नोंदणीच्या टेबलावर पत्रिका, विधी करणाऱ्याची सही, साक्षीदारांची ओळखपत्रे आणि विधीचे छायाचित्र मागितले जाते, आणि हजार किलोमीटर दूर परतल्यावर त्यातले एखादे राहून गेल्याचे लक्षात येणे फार त्रासाचे असते.

जावई दिगंबर, सांगलीकडच्या शेतकरी जैन घरातला. त्यांच्याकडे अंतरपाट, मंगलाष्टके आणि अक्षता. आमच्याकडे मामाचा मायरा, तोरण आणि फेरे. दोन्ही घरचे सगळे करायचे म्हटले तर दिवस पुरला नसता. मग दोन्ही आयांना एकत्र बसवले आणि प्रत्येकीने जे सोडणे शक्यच नाही तेवढेच सांगावे असे ठरले. त्यांच्याकडून अंतरपाट आला, आमच्याकडून मायरा. सप्तपदी दोघींचीही होती. उपाध्ये सांगलीहूनच आले. लग्न मंदिराच्या आवारात लावता येईल का, असे एका तरुण पाहुण्याने विचारले होते. विवाह हे संसाराचे कार्य आहे. जिनमंदिरात दर्शनाला आणि पूजेला जावे, फेरे बाहेर घ्यावेत. त्यामुळे आदल्या दिवशी सारे ओसियांला दर्शन घेऊन आलो. मातेच्या मंदिराच्या पायऱ्या बाईंना चढवणार नव्हत्या. खुर्चीत बसवून वर नेण्याची तयारी होती, पण त्यांनी नको म्हटले. पहिल्या पायरीवर डोके टेकवून त्या तिथेच बसून राहिल्या, आम्ही खाली येईपर्यंत. "माझी सासू हिचे नाव घेऊन दिवा लावायची," एवढेच म्हणाल्या. आमच्या घरातून कोणी इथवर आल्याचे, माझ्या माहितीत, हे पहिलेच.

मांडव घातलाच नाही. वसाहतीच्या कडेला खेजडीची दोन झाडे होती. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला आपल्याला आठवते तीच. राजस्थानचा तो राज्यवृक्ष आहे, आणि १७३० साली जोधपूरजवळ खेजडली येथे याच झाडांसाठी ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले. तेव्हा झाडाला खिळा मारायचा नाही, दिव्यांच्या माळा गुंडाळायच्या नाहीत, हे आधीच बजावून ठेवले. खाली मोठी छापील जाजम अंथरली. अक्षता वाळूत पडल्या तर त्या वेचता येत नाहीत आणि त्यांवर मुंग्या येतात. जाजमेवर पडलेल्या तांदळाचा दाणा न् दाणा नंतर मुलांनी गोळा करून पक्ष्यांसाठी ठेवला. वराने उंटावरून यावे ही छायाचित्रकाराची सूचना होती. जावयाने स्वतःच ती नाकारली आणि तो आपल्या वडिलांबरोबर वाळूतून चालत आला. ड्रोनचाही आग्रह झाला. जोधपूरला हवाई दलाचा तळ आहे आणि पश्चिमेचे जिल्हे सीमेला लागून आहेत. परवानगीशिवाय असल्या वस्तू तिकडे नेऊच नयेत.

जेवणाविषयी थोडे अधिक लिहितो. जोधपूरचे महाराज होते. कांदा, लसूण, कंदमूळ वर्ज्य, हे त्यांना सांगावे लागले नाही. मारवाडच्या स्वयंपाकाची खुबी अशी की जिथे हिरवा भाजीपाला दुर्मीळ, तिथे वाळवणावर सारे ताट उभे राहते. सांगरी म्हणजे त्याच खेजडीच्या शेंगा, वाळवून ठेवलेल्या. केर हे काटेरी झुडपाचे फळ. जोडीला बेसनाचे गट्टे, मुंगोडी, पापडाची भाजी. तिथीला हिरवे न खाणाऱ्या घराला याहून सोयीचे काय? लग्नाची म्हणून लापशी होती. बाजरीच्या सोगऱ्यांशेजारी विहीणबाईंनी सांगलीहून आणलेल्या शाळूच्या पिठाच्या भाकऱ्या आणि लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी मांडली होती. महाराजांनी भाकरी उलटसुलट करून पाहिली आणि थापण्याची रीत विचारून घेतली. बावीस ताटांत उष्टे म्हणून काही उरले नाही. हजाराच्या पंगतीत काय होते, ते आपण सारे जाणतो.

संध्याकाळी, जेवणानंतर, बाडमेरकडून आलेले तीन मांगणियार गायक बसले. हे मुसलमान गायक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या यजमानांच्या घरी जन्माला आणि लग्नाला गात आले आहेत. त्यांचे कमायचा हे वाद्य ज्यांनी जवळून ऐकले नसेल त्यांनी ध्वनिवर्धकाविना ऐकावे. पर्यटकांना ऐकवायची ठरावीक गाणी नकोत, लग्नघरची बन्ना-बन्नीची गाणी म्हणा, अशी आम्ही विनंती केली. दुसऱ्या गाण्याला बाई गुणगुणू लागल्या, तिसऱ्याला त्यांनी एक कडवे गायकांच्या आधीच उचलले. त्यांनी ती गाणी सत्तर वर्षांत आमच्यापैकी कोणाला ऐकवली नव्हती. आम्ही कधी विचारलेही नव्हते. गायकांतील ज्येष्ठाने वाद्य खाली ठेवून त्यांना ते पुन्हा म्हणायला लावले. अशा कलावंतांचे मानधन मध्यस्थाकडे न देता थेट त्यांच्या हाती द्यावे, आणि आधी जेवू घालावे.

खर्च विचाराल, म्हणून सांगतो. प्रवास, दोन रात्रींचा मुक्काम, महाराज, उपाध्ये, गायक, छायाचित्रण सारे धरून ९ लाख ७० हजार रुपये झाले. पैकी निम्मे व्याह्यांनी आग्रहाने दिले. भावाने १५ लाख मुलीच्या एकटीच्या नावे मुदत ठेवीत ठेवले आणि कॅश क्रेडिटला हात लावला नाही. व्यवहाराच्या दृष्टीने दोन सूचना. वसाहतीला सगळी रक्कम आगाऊ देऊ नये. रद्द करण्याच्या अटी लेखी घ्याव्यात आणि जीएसटीचे पक्के बिल मागावे. दुसरे, जनित्राचे इंधन, जादा रजया आणि विमानतळावरून नेआण यांचा दर आधी ठरवावा. आमचे बिल वाढले ते याच तीन कलमांनी.

भावाची भीती सर्वस्वी खोटी मात्र नव्हती. परतल्यावर आठ दिवसांनी अहमदाबादच्या एका जुन्या पेढीवाल्यांचा फोन आला, त्याला नव्हे, मला. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, "भाईसाहेब, सब ठीक तो है ना?" मी म्हटले, खात्याला धक्का न लावता लग्न करणारा माणूस तुम्हाला धोक्याचा वाटतो का? ते हसले. पुढच्या महिन्यात त्यांनी मालाची मुदत कमी केली नाही, एवढे मी भावाकडून जाणून घेतले.

पण एक चूक माझ्याकडून झाली आणि ती पैशाने भरून येणारी नाही. बावीस जणांची यादी मीच केली. मुलीला ज्यांनी वाढवले ते, असा निकष ठेवला. त्या निकषात आमचा चुलतभाऊ बसला नाही. १९९१ साली भावाने दुकान काढले तेव्हा कर्जाला जामीनदार म्हणून सही करणारा तो एकटा होता. जन्मभर जामीनदारांच्या सह्या तपासलेल्या माणसाने हीच सही विसरावी! त्याला बोलावणे नाही ते नाहीच, पण जाण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन सांगितलेही नाही. लग्नाची छायाचित्रे त्याने समाजाच्या मोबाईल-गटावर पाहिली.

जे असे छोटे लग्न योजतील त्यांनी बोलावणाऱ्यांची यादी करण्याआधी न बोलावणाऱ्यांची करावी, आणि त्या प्रत्येकाच्या घरी मुलीला घेऊन स्वतः जावे. पत्रिका नाही, फोन नाही. आम्ही सहाशे घरांना साखरेची पुडी पाठवली. पण पाठवणे आणि जाणे यांत जो फरक आहे तो मला चुलतभावाच्या दुकानात गेल्यावर कळला.

ओसियांच्या प्रसादाची डबी घेऊन मी एकटाच गेलो होतो. त्याने उठून खुर्ची दिली, चहा मागवला, बाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. लग्नाविषयी एक शब्द काढला नाही. डबी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली आणि गल्ल्याशेजारी ठेवली. मी निघालो तेव्हा ती तशीच बंद होती. येत्या रविवारी पुतणी आणि जावई पुण्याहून येणार आहेत. त्याच्या घरी आधी जायचे, मग आमच्याकडे, असे त्यांनीच ठरवले आहे.